हलाल पेल्याची ताबेदारी

रमजानचा पहिला रोजा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. सहरीची लगबग, फजरच्या भरलेल्या सफा, कुरआन पठणाची नवी उमेद, असा त्याचा आरंभ असतो. जोहरनंतर मात्र अनेक घरांतील हवा पालटते. कर्त्या पुरुषाच्या कपाळावर आठी चढते. असरपर्यंत डोके ठणकू लागते, मुलांचे साधे बोलणेही कानाला टोचते आणि इफ्तारच्या तयारीत गुंतलेल्या गृहिणीला एखाद्या क्षुल्लक कारणावरून चार शब्द ऐकून घ्यावे लागतात. मग घरातले कोणीतरी हळूच म्हणते, "अब्बांना आज रोजा लागलाय, जरा गप्प बसा."

हे निदान पुष्कळदा चुकीचे असते. भुकेने आणि तहानेने माणूस थकतो, पाण्याच्या कमतरतेने डोकेही दुखते, हे खरे आहे. परंतु वर्षभर ज्या शरीराला सकाळ-संध्याकाळ कॉफीची किंवा कडक चहाची नेमाने सवय लावलेली असते, त्या शरीराची पहिल्या दोन-तीन रोज्यांतील तक्रार बहुधा अन्नाविषयी नसते. ती त्या पेल्याविषयी असते. आपल्या बोलीत या अवस्थेला एक नेमका शब्द आहे: तलफ.

कॉफी हलाल आहे, चहा हलाल आहे. मग त्यांच्या तलफेचा विचार धार्मिक नियतकालिकाने का करावा? कारण येथे दोन प्रश्न उभे राहतात आणि दोन्ही नैतिक आहेत. पहिला प्रश्न असा की, जी वस्तू अल्लाहने वैध ठरविली आहे तिची गुलामी माणसाला जडू शकते काय? दुसरा असा की, तलफेच्या भरात आपल्या हातून जे कठोर बोलणे व वागणे घडते, त्याची जबाबदारी आपल्यावर येते की शरीरावर ढकलता येते? या दोन प्रश्नांचा आपण क्रमाने विचार करू.

शरीरात काय घडते?

आधी वस्तुस्थिती समजून घेणे आवश्यक आहे. माणूस जागा असतो तोपर्यंत त्याच्या मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. ते मेंदूतील ठराविक ग्राहकांना जाऊन भिडते, तेव्हा आपल्याला थकव्याची आणि झोपेची जाणीव होते. कॉफी व चहातील कॅफिन नेमके याच ग्राहकांवर जाऊन बसते आणि ॲडेनोसिनची वाट अडविते. थकवा मुळात नाहीसा होत नाही, त्याची वर्दी तेवढी पोहोचत नाही.

हा क्रम रोजचा झाला की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. तो ग्राहकांची संख्या वाढवितो. म्हणूनच पूर्वी एका पेल्याने जी तरतरी येत असे, तिच्यासाठी पुढे दोन पेले लागतात. मग एखाद्या दिवशी पेला चुकला की ॲडेनोसिनला मोकळे रान मिळते, मेंदूकडील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोके ठणकू लागते. त्यासोबत मरगळ, चिडचिड, उदासपणा आणि लक्ष न लागणे ही लक्षणे येतात. काहींना तर अंग मोडून आल्यासारखे वाटते. शेवटच्या पेल्यानंतर साधारण १२ ते २४ तासांत हा त्रास सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत शिगेला पोहोचतो आणि दोन ते नऊ दिवसांत ओसरतो. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली मानसिक विकारांच्या आपल्या सूचीत या अवस्थेचा समावेश केला. तेव्हा हे कोणाच्या मनाचे खेळ नाहीत, ही खरीखुरी शारीरिक अवस्था आहे.

तिच्यासाठी फार कॉफी लागते असेही नाही. दिवसाला १०० मिलिग्रॅम कॅफिनची सवय असली तरी ते बंद होताच त्रास होऊ शकतो. एक पेला फिल्टर कॉफीत साधारण एवढे कॅफिन सहज असते. चहात ते बरेच कमी असते, परंतु आपल्याकडे चहा एका कपावर थांबतो कोठे? चार-पाच कप चहा पिणारा माणूस कॉफी पिणाऱ्याच्या पंगतीत केव्हाच जाऊन बसलेला असतो.

आता रोज्याचा हिशेब पाहा. ज्याने आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला शेवटची कॉफी घेतली आणि सहरीत घाईघाईने केवळ पाणी प्याले, त्याचे दुसऱ्या दिवशी जोहरच्या सुमारास सुमारे वीस तास झालेले असतात. त्रास शिगेला पोहोचण्याची वेळ आणि इफ्तारपूर्वीची वेळ एकच ठरते. मग मगरीबची अजान होताच तो खजुराआधी चहाकडे हात नेतो, अर्ध्या तासात डोके उतरते आणि तो म्हणतो, "आता कुठे जिवात जीव आला." त्या पेल्याने त्याची सुटका झाली असे त्याला वाटते. प्रत्यक्षात सुटका केवळ पुढे ढकलली गेलेली असते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच हिशेब सुरू होतो.

साधन मालक कसे होते?

कॉफीचा इतिहास मुसलमानांच्या इतिहासाशी जवळून जोडलेला आहे. पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी साधकांनी ती आपलीशी केली. रात्रीच्या जिक्रमध्ये झोपेने डोळे मिटू नयेत, हा त्यामागील हेतू होता. येमेनचे मोखा बंदर पुढे कॉफीच्या व्यापारामुळेच जगाला ठाऊक झाले. दक्षिण भारतातील परंपरा सांगते की, बाबा बुडन या संतांनी हजहून परतताना कॉफीच्या सात बिया आणल्या आणि त्या चिकमगळूरच्या डोंगरात रुजविल्या. आज ते डोंगर त्यांच्याच नावाने ओळखले जातात.

कॉफीच्या वैधतेवर वादही झाला. १५११ साली मक्केत खैर बेग या अधिकाऱ्याने उलेमांची बैठक बोलावली, वैद्यांचे मत घेतले आणि कॉफीवर बंदी घातली. अरबीत 'कहवा' हा शब्द पूर्वी मद्यासाठीही वापरला जात असे, त्यामुळे संशयाला जागा होतीच. परंतु कैरोहून आलेल्या सुलतानी आदेशाने ती सरसकट बंदी उचलून धरली नाही. सोळाव्या शतकातच अब्दुल कादिर अल-जजीरी या विद्वानाने कॉफीच्या वैधतेच्या समर्थनार्थ ग्रंथ लिहिला. पुढे बहुसंख्य उलेमांचे मत स्थिरावले की, कॉफी बुद्धी झाकोळून टाकीत नाही, म्हणून तिला मद्याचा नियम लागू होत नाही. ती मुबाह आहे.

मुबाह म्हणजे काय, हे येथे नीट ध्यानात घ्यावे. ज्या कृतीवर स्वतःहून पुण्य नाही आणि पापही नाही, ती मुबाह. शरीअतने अशा वस्तूंचे दार उघडे ठेवून माणसावर उपकार केला आहे. परंतु दार उघडे असणे आणि माणूस त्या दारातच खिळून राहणे, या दोन भिन्न गोष्टी होत. फिकहचे उत्तर 'पिण्यास हरकत नाही' येथे पूर्ण होते. नफ्साच्या घडणीचा, म्हणजे तजकियाचा प्रश्न त्यापुढे सुरू होतो: पितो कोण आणि पाजतो कोण?

येमेनी साधकांनी तो पेला इबादतीच्या सेवेसाठी उचलला होता. कॉफी चाकर होती आणि रात्रीचा जिक्र हा धनी होता. आज अनेकांच्या बाबतीत तीच कॉफी इबादतीच्या आड येते. रोजा तिच्यामुळे जड होतो, असरच्या नमाजेत मन तिच्याभोवती घोटाळते आणि तरावीहच्या आधी तिची सोय झाली पाहिजे असा हट्ट सुरू होतो. वस्तू तीच आहे, हुकूमही तोच आहे. चाकर आणि धनी यांची जागा तेवढी बदलली आहे.

पवित्र कुरआनने आपल्या वासनेलाच आराध्य बनविणाऱ्या माणसाचा उल्लेख केला आहे (सूरह अल-फुरकान, ४३). ही आयत वाचताना आपल्या डोळ्यांपुढे मोठमोठी पापे येतात. सकाळच्या कॉफीला त्या पंक्तीत बसविणे निश्चितच अतिशयोक्तीचे होईल. तथापि माणसाचा ताबा एका दिवसात कोणी घेत नाही. ज्या मनाला एखाद्या निरुपद्रवी इच्छेलाही 'आज नाही' असे सांगण्याचा सराव नाही, त्याने मोठ्या मोहाच्या क्षणी ठाम राहावे, ही अपेक्षा कशाच्या बळावर करायची? रोजा नेमका हाच सराव घडवितो. तो हराम वस्तूंपासून थांबवीत नाही, त्या तर बाराही महिने वर्ज्य आहेत. रोजा थांबवितो तो हलाल पाण्यापासून, हलाल अन्नापासून. वैध वस्तूलाही अल्लाहच्या आज्ञेखातर दूर ठेवता येणे, हीच ईशपरायणतेची, तकव्याची शाळा होय (सूरह अल-बकरा, १८३).

नेअमत आणि कर्ज

येथे कोणी आक्षेप घेईल: "कॉफीने बुद्धी मंद होत नाही, उलट तल्लख होते. कामात उत्साह येतो. मग सवय असली तर बिघडले काय?"

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याला सवय नाही त्याला कॉफी तरतरी देते, हे खरे आहे. परंतु ज्याला ती जडली आहे, त्याच्या बाबतीत परिस्थिती निराळी होते. त्याच्या सकाळच्या पेल्याचा बराचसा गुण हा कालच्या पेल्याने निर्माण केलेली उणीव भरून काढण्यात खर्च होतो. रात्रभर कॅफिन न मिळाल्याने आलेली मरगळ सकाळी कॅफिन देऊनच घालविली जाते. ज्याने घर गहाण ठेवले त्याने दरमहा हप्ता भरून त्याच घरात राहावे आणि सावकाराचे आभार मानावेत, असा हा प्रकार होय.

श्रद्धावंताच्या दृष्टीने यातील हानी सूक्ष्म आहे. अल्लाहची प्रत्येक देणगी ही नेअमत आहे आणि नेअमतीचा हक्क म्हणजे शुक्र, कृतज्ञता. कृतज्ञ राहाल तर अधिक देईन, असे अल्लाहचे वचन आहे (सूरह इब्राहीम, ७). पण कृतज्ञता तेथेच उगवते जेथे वस्तू देणगी म्हणून समोर येते. हप्ता फेडताना कोणाच्या तोंडून शुक्र निघतो? तेथे निघतो तो केवळ सुटकेचा निःश्वास. महिन्यातून चार वेळा पाहुण्यांसोबत कॉफी घेणारा माणूस तिचा सुगंध घेतो, चव घेतो, 'अलहम्दुलिल्लाह' म्हणतो. दिवसातून पाच वेळा घेणाऱ्याला पेला कधी रिकामा झाला, हेही पुष्कळदा कळत नाही.

तेव्हा सवय कमी करणे म्हणजे नेअमत गमावणे नव्हे. हप्त्यात बुडालेली वस्तू पुन्हा देणगी म्हणून परत मिळविण्याचा तो मार्ग आहे.

'तलफ आली होती' ही सबब चालेल काय?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. समजा, एका रोजेदाराने तलफेच्या भरात पत्नीला टोचून बोलले, मुलाला विनाकारण मारले, दुकानातील नोकराचा चारचौघांत अपमान केला. नंतर तो म्हणतो, "डोके फार दुखत होते, माझा इलाज नव्हता."

यातील पहिले वाक्य खरे आहे. डोके दुखतच होते. अल्लाह कोणावर त्याच्या कुवतीपलीकडचे ओझे टाकीत नाही, हेही आपण जाणतो. ज्याला तलफेचे कारणच ठाऊक नव्हते, जो प्रथमच या अनुभवातून जात होता, त्याच्याबद्दल आपण सहानुभूतीनेच बोलू. परंतु जो दरवर्षी पहिल्या आठवड्यात हेच भोगतो आणि दरवर्षी घरच्यांनाही भोगायला लावतो, त्याची सबब तितकी भक्कम राहत नाही. कोकणातला माणूस मृगाआधी घर शाकारून घेतो. शाकारले नाही आणि छप्पर गळू लागले, तर तो दोष ढगांना देत नाही. जे येणार हे आधीच ठाऊक आहे, त्याची तयारी करणे हा कुवतीचाच भाग आहे. वेदना आपल्या हातात नसेल. वेदनेच्या आधीचा महिना तर आपल्या हातात होता!

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीत रोजा आणि जीभ यांचा संबंध अतिशय स्पष्ट आहे. ज्याने खोटे बोलणे व तसे वागणे सोडले नाही, त्याच्या केवळ अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही, या आशयाची हदीस बुखारीत आहे. रोजा ही ढाल आहे, रोजेदाराने शिवीगाळ व आरडाओरड करू नये, कोणी भांडण उकरून काढले तर आपण रोजेदार असल्याचे सांगून बाजूला व्हावे, असेही मार्गदर्शन आहे. लक्षात घ्या, दुसऱ्याने चिथावले तरी थांबावे, असे येथे सांगितले आहे. आपण तर ज्यांनी चिथावलेच नाही, त्यांच्यावर तुटून पडतो. खरा बलवान कुस्ती जिंकणारा नसून रागाच्या क्षणी स्वतःवर ताबा ठेवणारा होय, हीही प्रेषितांचीच शिकवण आहे.

या संदर्भात एक गोष्ट आपण सहसा विसरतो. ज्या गृहिणीवर आपण चिडतो, तिचाही रोजा असतो. तिनेही सकाळचा चहा सोडलेला असतो. तिचेही डोके दुखत असते. ती सहरीसाठी आपल्या आधी उठलेली असते आणि आपण पंख्याखाली पडून असरची वाट पाहत असतो तेव्हा ती चुलीसमोर उभी असते. वेदना दोघांची सारखीच. परंतु चिडण्याचा अधिकार मात्र एकाने स्वतःकडे राखून ठेवलेला असतो. यावरून सिद्ध होते की, चिडचिड संपूर्णपणे कॅफिनची नसते. कॅफिन वेदना देते. ती वेदना कोणावर काढायची, हे आपण ठरवितो. आणि विशेष म्हणजे, ज्याच्यापुढे आवाज चढविण्याची सोय नसते, त्या वरिष्ठापुढे किंवा मोठ्या गिऱ्हाइकापुढे आपली तलफ किती शहाण्यासारखी वागते!

ह. अनस (रजि.) यांनी दहा वर्षे प्रेषितांची (स.) सेवा केली आणि त्या काळात प्रेषितांनी कधी त्यांना 'उफ' म्हटले नाही, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. प्रेषितांनी अन्नाला कधी नावे ठेवली नाहीत; आवडले तर खाल्ले, नाही तर सोडून दिले, हीही त्यांची सर्वश्रुत सवय. ज्या घरात कधी कधी चूल पेटत नसे, त्या घरातील ही वागणूक आहे. आपल्या घरात अडलेले असते ते एका पेल्याचे.

सोडावे कसे?

इस्लामची शिकवण केवळ 'सोडा' म्हणून थांबत नाही, सोडण्याची रीतही दाखविते. मद्यबंदीचा क्रम आपणा सर्वांना ठाऊक आहे. प्रथम मद्यात लाभापेक्षा पाप मोठे असल्याचे सांगितले गेले (सूरह अल-बकरा, २१९), नंतर नशेत नमाजच्या जवळ जाण्यास मनाई झाली (सूरह अन-निसा, ४३) आणि शेवटी पूर्ण बंदी आली (सूरह अल-माइदा, ९०). मद्य आणि कॉफी यांची बरोबरी येथे मुळीच अभिप्रेत नाही. अभिप्रेत आहे ती निर्मात्याची हिकमत, जी मानवी सवयीचे वजन जाणते.

इमाम गझाली (रह.) यांनी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये भूक आवरण्याविषयी लिहिताना हीच हिकमत व्यवहारात उतरविली आहे. दोन भाकरींवरून एका भाकरीवर यायचे असेल, तर दररोज भाकरीचा अठ्ठाविसावा किंवा तिसावा भाग कमी करावा, म्हणजे महिन्याभरात शरीराला इजा न होता एक भाकर कमी होईल, असे ते सुचवितात. नऊशे वर्षांपूर्वीचा हा हिशेब आणि आजच्या वैद्यांचा कॅफिन हळूहळू कमी करण्याचा सल्ला यांत तत्त्वतः काहीही अंतर नाही.

तेव्हा तयारी शाबानमध्ये सुरू करावी. प्रेषित (स.) रमजानखालोखाल सर्वाधिक रोजे शाबानमध्ये ठेवीत, असे ह. आयेशा (रजि.) यांच्या कथनावरून कळते. जो दिवसाला चार पेले घेतो, त्याने प्रथम असरनंतरचा पेला सोडावा. कॅफिनचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास सर्वसाधारणपणे पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी पाचच्या कॉफीचा अर्धा अंमल रात्री दहालाही कायम असतो. तो पेला सुटला की झोप सुधारते, आणि झोप सुधारली की सकाळच्या पेल्याची ओढ आपोआप सैल होते. चार-पाच दिवसांनी दुसरा पेला अर्धा करावा, मग सोडावा. चहाबाबतही हेच. सोमवार-गुरुवारचे नफ्ल रोजे या काळात ठेवल्यास शरीराची परीक्षाही होते आणि सुन्नतही पाळली जाते. महिना संपेपर्यंत दिवसाला एका पेल्यावर आलेल्या माणसाचा पहिला रोजा पुष्कळ हलका जातो.

ज्यांची तयारी राहून गेली आणि रमजान दारात आला, त्यांनीही निराश होऊ नये. इफ्तार खजूर आणि पाण्याने करावा, तीच सुन्नत आहे; चहा-कॉफी नंतर आणि मोजकी घ्यावी. इफ्तार ते सहरी या वेळेत पाणी पुरेसे प्यावे. दुपारी शक्य असेल तर थोडी विश्रांती, कैलूला घ्यावी. डोकेदुखीच्या काही गोळ्यांमध्ये कॅफिनच असते, म्हणून गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. डोकेदुखी असह्य असेल, उलट्या होत असतील, नजर अंधारत असेल किंवा हातापायांतील शक्ती जात असेल, तर तलफेचे नाव देऊन ती अंगावर काढू नये. अल्लाहला आपल्यासाठी सुलभता हवी आहे, अडचण नको आहे (सूरह अल-बकरा, १८५). आजारी माणसासाठी सवलत त्यानेच दिली आहे.

आणि एक साधा उपाय, ज्याला पैसे लागत नाहीत. सकाळीच घरच्यांना सांगून टाकावे: "दोन-तीन दिवस माझे डोके दुखणार आहे. मी कमी बोललो तर गैरसमज करून घेऊ नका. आणि तुमचेही दुखत असेल, तर मला सांगा." या तीन वाक्यांनी निम्मी भांडणे टळतात. मोठे निर्णय, हिशेबाचे वाद, मुलांच्या अभ्यासाची झाडाझडती हे सारे त्या दोन-तीन दिवसांत पुढे ढकलावे. राग आलाच तर वुजू करावा, जागा बदलावी, गप्प राहावे. गप्प राहणे हेही रोजेदाराचे एक काम आहे.

सोडणाऱ्याची परीक्षा

शेवटी दोन इशारे देणे आवश्यक वाटते.

पहिला असा की, सोडण्याच्या उत्साहात हलालला हराम करू नये. अल्लाहने वैध केलेल्या चांगल्या वस्तू स्वतःवर निषिद्ध करून घेऊ नका, मर्यादा ओलांडू नका, असे कुरआनने बजावले आहे (सूरह अल-माइदा, ८७). खुद्द प्रेषितांनी (स.) एक वैध वस्तू स्वतःपुरती वर्ज्य केली, तेव्हा त्यांनाही अल्लाहने विचारणा केली (सूरह अत-तहरीम, १). म्हणून कॉफी सोडणाऱ्याने 'माझ्या तब्येतीसाठी, माझ्या रोज्यासाठी मी कमी केली' एवढेच म्हणावे. घरातील वृद्ध आईचा दुपारचा चहा बंद करण्याचा परवाना त्याला मिळालेला नाही. पाहुणचारात समोर आलेला पेला नाकारून यजमानाला खजील करण्यात काही तकवा नाही. खा, प्या, परंतु अतिरेक करू नका (सूरह अल-आराफ, ३१) हा मध्यम मार्ग दोन्ही बाजूंनी मध्यमच राहिला पाहिजे.

दुसरा इशारा अधिक नाजूक आहे. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर रात्रपाळी करणारा कामगार, लांबच्या मार्गावर गाडी हाकणारा ड्रायव्हर, रुग्णालयात रात्रभर उभी राहणारी परिचारिका, यांच्या हातातील चहाचा पेला आपल्या पेल्यासारखा नसतो. कित्येकांच्या बाबतीत तो जेवणाची जागा घेतो. एक वेळची भूक त्या गरम पेल्यावर मारली जाते. त्यांना सवयीच्या गुलामीवर व्याख्यान देण्यापूर्वी आपण त्यांच्या ताटाची चौकशी करावी. तलफेचा विचार आपण स्वतःच्या नफ्साविरुद्ध वापरायचा आहे, दुसऱ्याच्या गरजेविरुद्ध नव्हे. ज्याने कॉफी सोडली आणि कॉफी पिणाऱ्यांना तुच्छ लेखू लागला, त्याने एका मालकाची चाकरी सोडून दुसऱ्याची, अहंकाराची, पत्करली. आणि हा दुसरा मालक पहिल्यापेक्षा कितीतरी निर्दय आहे. पहिल्याची वेदना नऊ दिवसांत ओसरते. दुसऱ्याची तर जाणीवही होत नाही.

तेव्हा, वाचक बंधू-भगिनींनो, प्रश्न पेला हातात घ्यायचा की नाही, एवढाच नाही. तो खाली ठेवण्याची वेळ आली तर हात आपला हुकूम मानतो की नाही, हे अधूनमधून तपासून पाहावे. एखादा सोमवार निवडावा, पेल्याशिवाय दिवस काढावा आणि संध्याकाळी घरच्यांनाच विचारावे, "आज मी कसा वागलो?" त्यांचे उत्तर आपल्या नफ्साच्या अवस्थेविषयी आपल्याहून अधिक खरे असेल. अल्लाहला सर्वाधिक प्रिय कृती ती, जी अल्प असली तरी सातत्याने केली जाते, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. दररोज कमी होणारा एक घोटही या अल्पात मोडतो, जर तो अल्लाहसाठी असेल.

सर्वशक्तिमान अल्लाह आपणा सर्वांना त्याच्या नेअमतींचा आस्वाद कृतज्ञतेने घेण्याची, त्यांच्या ताबेदारीपासून दूर राहण्याची आणि वेदनेच्या क्षणीही आपल्या माणसांशी मृदू वागण्याची सुबुद्धी देवो. आमीन.